दुखलं तर हात वर कर

समज, तू पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात पडून आहेस. कान पाण्याखाली, डोळे तेवढे वर. काठाशी माणसं उभी आहेत. त्यांची तोंडं हलताना दिसतात, कोणी हसतं, कोणी तुझ्याकडे बोट दाखवतं, आणि त्यांचे शब्द तुझ्यापर्यंत येतात ते भिजून फुगलेले, कडा झिजलेले. आता समज, पाण्याबाहेर येऊन अंग पुसून झालं, कपडे घालून झाले, दप्तर घेऊन शाळेत जाऊन बसणंही झालं, तरी कानातलं पाणी काही गेलं नाही. तो दिवस गेला, आठवडा गेला, चार महिने गेले. बाई काय म्हणाल्या ते कळलं नाही की शेजारच्या वहीत बघायचं. सगळे हसले की आपणही हसायचं. घाई करू नकोस, जरा वेळ तसंच राहून बघ. मग सुझुनाची ओळख करून द्यायला हरकत नाही, कारण तिचं निम्मं तुला आधीच कळलेलं असेल.

जपानातल्या मात्सुयामात, ट्रामच्या रस्त्याला लागून, कुगा डॉक्टरांचा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. तिथे बत्तीस वर्षं परिचारिका असलेल्या तोमोए मिनेगिशीने त्या सकाळी नऊला पाच कमी असताना काचेचं दार उघडलं. फेब्रुवारीचा शेवट. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, हवा कागदासारखी कोरडी. डोंगरावरच्या देवदारांचे पराग शहरावर उतरायला लागले होते, आणि दाराबाहेर नाकाला रुमाल लावलेल्या, लाल डोळ्यांच्या माणसांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे एक मुलगी, आणि तिच्यामागे एक उंच, ताठ म्हातारा. बूट काढून सपाता घालायच्या पायरीवर मुलगी अडखळली, तोमोएने हात पुढे केला, आणि दोघींची बोटं जुळायच्या आतच मधे टच्‌कन ठिणगी उडाली. कोरड्या हवेत लोकरीचे कपडे घातलेल्या कुणालाही बसतो तसा एवढासा झटका. "आई गं!" तोमोए ओरडली आणि हात झटकत हसली. मुलगी ओरडली नाही, हसलीही नाही. तिचे ओठ एकदा आत गेले आणि परत जागेवर आले. झटका तिने गोळीसारखा गिळला, आणि मान वाकवून म्हणाली, "माफ करा."

ते गिळणं तोमोएच्या ओळखीचं होतं. मुलीचं नाव कळायच्या आत तिला ते ओळखू आलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने विमा कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. "ताचिकी. नऊची वेळ दिलीय. ही माझी नात, सुझुना. हिची आई इमाबारीला टॉवेलच्या कारखान्यात सकाळपाळीला असते, म्हणून मी फक्त पोचवायला आलोय." मग आवाज जरा उंचावून, अभिमानाने, "आमची पोर गुणाची आहे हो, बाई. सुई टोचली तरी हूं की चूं करत नाही. तुम्हाला काही म्हणून त्रास द्यायची नाही." बोलता बोलता त्याने उजव्या कानावर तळहात दाबून सोडला, पोहून आलेली माणसं पाणी काढायला करतात तसा. सुझुना त्याच्या ओठांकडे बघत होती. आपलं कौतुक चाललंय एवढं तिला समजलं असावं, कारण ती आणखी ताठ उभी राहिली.

काम साधंच होतं. सुझुनाच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे शरद ऋतूपासून डिंकासारखं चिकट पाणी साचलं होतं. पडद्याला टाचणीएवढं भोक पाडून त्यात तांदळाच्या कणीएवढी नळी बसवायची, म्हणजे आत हवा जाईल, पाणी सुकेल, ऐकू येईल. आज उजवा कान, पुढच्या आठवड्यात डावा. त्याआधी पडदा बधिर करायला हवा, आणि पडद्याला सुई टोचणं म्हणजे ज्या दुखण्यापासून वाचवायचं तेच दुखणं आधी देणं. म्हणून मग कानात औषध भरतात आणि विजेच्या अगदी हलक्या प्रवाहाने ते कातडीत ढकलतात. दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मूल शांत पडून राहिलं तर सगळं इथेच होतं. नाही राहिलं तर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन, आणि तिथली तारीख मे महिन्यातली होती. एप्रिलमध्ये नवा वर्ग, नवे शिक्षक, नवी मुलं. आत्ताच्या वर्गाच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं: सुझुना चांगली मुलगी आहे, पण तिचं लक्ष नसतं. हा शेरा घेऊन ती नव्या वर्गात जाणार, आणि मे उजाडेपर्यंत कोपऱ्यातली गप्प मुलगी म्हणून पक्की होणार. तोमोएने अशी मुलं पाहिली होती. कान नंतर बरे झाले तरी गप्पपणा मागे राहतो, भाड्याने दिलेल्या खोलीत आधीच्या माणसाचा वास राहतो तसा.

"मिनेगिशी-सान," आतून कुगा डॉक्टर म्हणाले, "माशिकोचा फोन आला होता. तापाने पडलीय. आज चकती तुमच्याकडे." चकती म्हणजे प्रवाह कमी-जास्त करायचं गोल बटण. धाकटी परिचारिका माशिको ते बघायची, तिच्याआधी दुसरी एक बघायची. तोमोए म्हणाली, "मला आकडे नीट दिसत नाहीत हो, डॉक्टर." डॉक्टर चाळिशीतले, वडिलांचा दवाखाना चालवणारे, लहानपणी याच टेबलाखाली लपलेले, ते मान वर न करता म्हणाले, "मग चष्मा घाला. गळ्यात कशाला अडकवलाय, शोभेला?"

तिने चष्मा घातला. आकडे स्वच्छ दिसत होते. गेली अकरा वर्षं स्वच्छच दिसत होते.

अकरा वर्षांपूर्वी शोमा नावाचा नऊ वर्षांचा मुलगा याच पलंगावर कुशीवर पडला होता. तेव्हा थोरले कुगा डॉक्टर होते आणि चकती तोमोएच्या हातात असायची. ती जे सगळ्या मुलांना सांगायची तेच तिने शोमाला सांगितलं होतं, दुखलं तर हात वर कर. या शहरातल्या प्रत्येक दाताच्या, कानाच्या दवाखान्यात हेच वाक्य म्हणतात, आणि प्रत्येक मुलाला माहीत असतं की हात वर केला तर वरून उत्तर येतं, "झालंच हं, एवढंसंच राहिलंय, सोस थोडं." म्हणजे वाक्य असतं, पण त्याचा उपयोग नसतो, जेवणाच्या हॉटेलाच्या काचेत मेणाचे पदार्थ मांडलेले असतात, तसं ते. शोमाने हात वर केला नव्हता. दहा मिनिटं त्याचे दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटून होते. डोळ्यांतून पाणी येऊन टॉवेलावर पडत होतं, पण डोळ्यांतून पाणी पुष्कळ मुलांच्या येतं. नंतर डॉक्टरांनी कान तपासला तेव्हा दिसलं की कानात सोडलेलं तारेचं टोक कलून आतल्या भिंतीला टेकलं होतं आणि सगळा प्रवाह त्या एकाच जागी जात होता. तांदळाएवढा पांढरा भाजल्याचा डाग. तीन आठवड्यांत तो बरा झाला, ऐकण्यावर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी शोमाची आई मिठाईचा डबा घेऊन आली आणि कमरेत वाकून म्हणाली, आमच्या मुलामुळे तुम्हाला त्रास झाला. तेही तोमोएने सहन केलं असतं. पण त्या दिवशी, डाग दिसायच्या आधी, पलंगावरून उतरताना शोमाने तिच्याकडे बघून विचारलं होतं, "मी हात वर केला नाही. बरोबर केलं ना?" आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, "शहाणा! किती छान सोसलंस!" ड्रॉवरमधून काढून तिने त्याला सोनेरी चिकटचित्रही दिलं होतं, "खूप सोसलंस, शाबास" लिहिलेलं. ते त्याने दप्तरावर चिकटवलं. पुढे दोन वर्षं ट्रामच्या थांब्यावर तो दिसायचा, तिला बघून वाकून नमस्कार करायचा, आणि दप्तरावर ते सोनेरी चित्र कडा फाटत फाटत चमकत असायचं. भाजलेल्या कानाचं कोणीही विसरलं असतं. भाजल्याबद्दल आपण मुलाला बक्षीस दिलं, हे तिला विसरता आलं नाही. त्या वर्षापासून तिचे डोळे अधू झाले.

आतल्या छोट्या खोलीत तिने औषधाची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली. थंड औषध कानात गेलं तर माणसाला सगळी खोली गरगर फिरल्यासारखी वाटते. अंगाएवढंच गरम असावं लागतं. सुझुना पलंगाच्या काठावर बसली होती, पाय जमिनीला पोचत नव्हते, सपाता खाली पडल्या होत्या. आजोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. यंत्र टेबलावर होतं, जेवणाच्या डब्याएवढं, एक चकती, एक काटा, दोन तारा. एका तारेला पेन्सिलीच्या शिशाएवढं चंदेरी टोक, दुसरीला ओल्या कापडाची पट्टी. तोमोए मुलीच्या समोर, अगदी जवळ बसली, तिला आपले ओठ दिसतील अशी, आणि सावकाश म्हणाली, "हे बघ. औषधाचे कण इतके बारीक, की दिसत नाहीत. त्यांना कातडीच्या आत जायचंय, पण कातडी दार उघडत नाही. वीज त्यांना मागून हळूच ढकलते."

"ट्राममध्ये गर्दी असली की मागचे ढकलतात तसं," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, पण राहवलं नाही. "चौतीस वर्षं चालवली मी. दांडा एक खाच पुढे करायचा, थांबायचं, मग दुसरी खाच. एकदम खेचलात तर उभी माणसं पडतात."

"तसंच आहे हे," तोमोए म्हणाली. "फक्त आत बसलेली माणसं तुम्हाला आरशात दिसत होती. मला कानातलं काही दिसत नाही." मग मुलीकडे वळून, "म्हणून दुखलं तर तू हात वर करायचास."

"हो," सुझुना म्हणाली. पटकन. वर्गात प्रश्न न कळता "हो" म्हणतात तसं.

"करशील?"

"हो. मला नाही दुखत. मी ठीक आहे."

तोमोएला वाटलं, हेच ते. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो तसाच परत यावा. अकरा वर्षं मनात तिने शोमाला पुन्हा पलंगावर झोपवलं होतं, पुन्हा पुन्हा समजावलं होतं, आणि दर वेळी शोमा हात वर करायचा. आणि इथे खरीखुरी मुलगी समोर बसून तिला धीर देत होती. तिने विचारलं, "घरी कोणाला काही दुखलं तर कोण सांगतं?" सुझुनाने खरंच विचार केला. छताकडे बघून, पाय हलवत. "कोणीच नाही," ती म्हणाली. "आजोबा पहाटे स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसतात. मला ऐकू येत नाही, पण मी हात लावून बघते, तो नुसता थरथरतो. गाणं असलं की थरथर वेगळी असते. आजोबांच्या रेडिओत काहीच नसतं." आजोबा हसले. "हवामानाच्या बातम्या असतात गं, वेडाबाई." आणि तळहात पुन्हा कानाकडे गेला. दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावून बसणारी माणसं तोमोएला माहीत होती. ज्यांच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजते ती तिला झाकायला असं करतात. पण म्हातारा पोचवायला आला होता, बाहेर वीसएक माणसं शिंकत होती, आणि हातात चकती होती.

तिने यंत्राच्या दोन्ही तारांना ओल्या पट्ट्या लावल्या आणि त्या आपल्याच हातावर, एक मनगटाजवळ आणि एक कोपराजवळ, बांधल्या. चकती सुझुनाच्या बोटांत दिली. "आधी माझ्यावर कर. हळूहळू. मला दुखलं की मी हात वर करते. बघ कसं करायचं ते."

मुलीचे डोळे मोठे झाले. मोठ्या माणसाला वीज द्यायची परवानगी कोणाला मिळते? तिने चकती एक खाच फिरवली. तोमोएला पट्टीखाली मुंग्या आल्यासारखं झालं, लोकरीचा सदरा उघड्या अंगावर घातला की होतं तसं. दुसरी खाच. मुंग्यांना तोंडं फुटली. तिसरी. आता ते खरंच बोचत होतं, एकाच जागी, गरम. आणि त्या गरम ठिपक्यातून अचानक, काही कारण नसताना, आजीच्या घरातल्या चटईचा वास आला. तोमोए सहा वर्षांची, पालथी पडलेली, पाठ उघडी. आजी दवण्याच्या जातीची पानं वाळवून केलेला कापूस चिमटीत घेऊन त्याचे जोंधळ्याएवढे मनोरे तिच्या पाठीवर मांडते आहे आणि उदबत्तीने एकेक पेटवते आहे. रात्री दचकून रडते म्हणून. आधी नुसती ऊब, मग ऊब टोकदार होते, मग पाठीत खिळा शिरतो. हलायचं नाही, हललं की राख पडते. रडणं थांबवायचं औषध न रडता घ्यायचं. चटईच्या काड्या मोजायच्या. अठ्ठावीसपर्यंत पोचलं की मनोरा विझतो. मग जिभेवर खडीसाखरेचा मोठा खडा, आणि आजीचा खरखरीत हात डोक्यावर, "माझी शहाणी ती." ती खडीसाखर अजून तिच्या जिभेवर होती. पाठीवर सहा गोल डाग अजून होते. लग्न झाल्यावर नवऱ्याने त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हे कसले, आणि ती म्हणाली होती, काही नाही, लहानपणीचे. तो जाऊनही आता सात वर्षं झाली, आणि शेवटच्या आजारात त्यालाही ती रोज विचारायची, दुखतंय का, आणि तोही म्हणायचा, काही नाही. दोघांनी एकमेकांना किती सांभाळून घेतलं होतं. इतकं की औषध कुठे लावायचं तेच कोणाला कळलं नाही.

"काकू," सुझुना म्हणाली.

तोमोए भानावर आली. काटा चौथ्या खाचेच्या पुढे गेला होता. पट्टीखालचं कातडं जळत होतं. आणि तिचा दुसरा हात मांडीवर, एप्रनच्या शिवणीला चिकटून, मुकाट पडला होता.

"दुखत नाही तुम्हाला?"

"नाही," तोमोए म्हणाली. हसून. बत्तीस वर्षांचं सराईत हसू.

सुझुनाने मान तिरकी केली. चार महिने ती माणसांचे आवाज सोडून चेहरे वाचत होती, आणि त्या वाचनात ती चांगलीच तयार झाली होती. "खोटं," ती म्हणाली. "तुमचा अंगठा हलतोय."

अंगठा हलत होता खरा. तोमोए त्याच्याकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कोणाचा. हात वर करायचा, एवढंच. शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. पण हात जड झाला होता, त्यात लाज भरली होती. कोपऱ्यात एक अनोळखी म्हातारा बसलाय, दाराबाहेर रांग आहे, साठीची बाई, एवढ्याशा बोचण्याने... तिने हात उचलला. खांद्याच्याही वर, थेट छताकडे. आणि नुसता हात पुरणार नाही असं वाटलं म्हणून मोठ्याने म्हणाली, "दुखतंय! खूप दुखतंय! थांबव!"

आजोबा स्टुलावरून अर्धे उठले. पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" सुझुनाने घाईघाईने चकती मागे फिरवली, शून्यापर्यंत, आणि मग तोंडावर हात ठेवून खुदकन हसली. तिचं हसू तोमोएने पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या कोणाकडे न बघता आलेलं हसू.

"थांबलं?" सुझुनाने विचारलं.

"थांबलं." पट्ट्या सोडल्यावर मनगटाजवळ एक लाल चौकोन उमटला होता. तोमोएने तो तिला दाखवला. "मी वेळेवर सांगितलं नाही म्हणून हा. सवय वाईट असते. तुला लागली असेल तर आजच मोड."

मग सुझुना डाव्या कुशीवर झोपली. पट्टी तिच्या दंडावर, कोमट औषध थेंब थेंब करून कानात, आणि त्यात ते चंदेरी टोक, भिंतीला न टेकता मधोमध तरंगतं. आता डावा कान उशीत, उजवा औषधाने भरलेला. बोललेलं एक अक्षर तिला ऐकू येणार नव्हतं. तोमोए जमिनीवर गुडघे टेकून बसली, मुलीच्या डोळ्यांसमोर चेहरा येईल अशी, आणि यंत्र मधे ठेवलं, काटा दोघींना दिसेल असं. पहिली खाच. थांबली. अर्धी खाच आणखी. वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलं होतं, निळी वाळू पडत होती. तिसऱ्या मिनिटाला सुझुनाचा हात वर झाला.

तोमोएने चकती मागे आणली. एकदम सोडली तर तोही झटकाच, म्हणून भरभर पण सलग, शून्यावर. "दुखलं?" तिने ओठांनी विचारलं.

सुझुनाने बोट हलवलं. नाही. "खरंच थांबवता का, ते बघितलं," ती म्हणाली. आपला आवाज ऐकू येत नसल्याने जरा मोठ्यानेच.

आजोबांचा चेहरा लाल झाला. "सुझुना! चेष्टा करतेस मोठ्या माणसांची? माफ करा हो, बाई, कधी असं करत नाही ती." दारातून डॉक्टरांनी डोकं घातलं, "मिनेगिशी-सान, किती वेळ? बाहेर बावीस जण आहेत." तोमोए तशीच गुडघ्यांवर बसून म्हणाली, "ती सांगेल तेव्हा." हे वाक्य आपल्या तोंडून आलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिला राग आला नव्हता. उलट हॉटेलाच्या काचेतला मेणाचा पदार्थ कोणी तरी उचलून चावून बघितला होता, आणि तो खरा निघाला होता, असं काहीतरी तिला वाटत होतं. मुलीने बोटाने इशारा केला: चालू करा. पुन्हा एक खाच, थांबायचं, अर्धी खाच.

सातव्या मिनिटाला हात पुन्हा वर गेला. या वेळी तो सरळ नव्हता, बोटं वळलेली होती, आणि भुवया जवळ आल्या होत्या. शून्य. "मुंग्या होत्या," सुझुना म्हणाली, "आता चावतंय. एकाच ठिकाणी." डॉक्टर आले, कपाळावरचा दिवा लावून त्यांनी वाकून बघितलं. "आवंढा गिळला असेल तिने," मग ते म्हणाले. "टोक कललंय. भिंतीला टेकायला लागलंय." त्यांनी चिमट्याने ते मधोमध आणलं. "लाल झालेलं नाही. बरं झालं सांगितलं." तोमोए पलंगाची कड धरून उठली. आत्ता, याच मिनिटाला, त्या जागी तांदळाएवढा डाग पडायला सुरुवात झाली असती. पडला नाही. एक हात वर झाला आणि तो पडला नाही. शोमा आता विशीचा असेल, कुठेतरी नोकरीला लागला असेल, नाहीतर शिकत असेल. त्याला पत्र लिहायचं असं तिने ठरवलं, आणि पत्राची सुरुवात काय असेल तीही तिला लगेच दिसली: तू विचारलं होतंस, बरोबर केलं ना. मी चुकीचं उत्तर दिलं.

उरलेली तीन मिनिटं निळी वाळू पडली. औषध काढलं, डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक ओढला, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते काम सुझुनाला कळायच्या आत झालंही. बारीक नळीने चिकट पाणी ओढलं गेलं तेव्हा तेवढी ती दचकली. मग ती उठून बसली. बसूनच राहिली, मान उजवीकडे कलती ठेवून, अंधारात हाताने भिंत चाचपडावी तशी ती हवा चाचपत होती.

"कोणीतरी शिंकलं," ती म्हणाली. आणि स्वतःचाच आवाज मोठा वाटून पुढचं कुजबुजत म्हणाली, "आणखी एक. बाहेर. दोघं."

"बावीस आहेत," डॉक्टर म्हणाले. "बस मोजत."

तोमोएच्या ओठांवर ते शब्द आलेच होते, शहाणी, किती छान सोसलंस. ड्रॉवर हाताशीच होतं. तिने ते उघडलं नाही. मुलीच्या सपाता पायांशी सरळ करून ठेवत ती म्हणाली, "तू सांगितलंस, म्हणून नीट झालं." सुझुनाने ते ऐकलं. ओठ न बघता ऐकलं, कारण ती तेव्हा सपातांकडे बघत होती.

आजोबा कमरेत वाकले, एकदा डॉक्टरांकडे, एकदा तोमोएकडे. "फार त्रास दिला पोरीने. दोनदा हात काय वर केला, माझी मान खाली गेली." डॉक्टर हात पुसत होते, त्यांनी सवयीने विचारलं, "आणि आजोबा, तुमचं काय? काही त्रास? कानाचा वगैरे?"

"माझा? छे हो." आजोबा ताठ उभे राहिले. "मला कुठे काय होतंय. मी फक्त पोचवायला आलोय."

सुझुनाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. मग ती पलंगावरून उतरली, दोन पावलं चालत गेली, आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि टाचा उंच करून, पोचेल तितक्या वर, तिने त्यांचा हात वर केला.